पोटखराब जमिनीवरची एक रात्र

निवृत्तीनंतर कोणालाही जामीन राहायचे नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. 36 वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हा नियम कोणी शिकवावा लागत नाही. म्हणूनच गेल्या फाल्गुनात भंडाऱ्याहून भाच्याचा फोन आला, “मामा, अष्टान्हिका सुरू व्हायच्या आत दोन दिवस येऊन जा. शेतावर तंबू लावतो. तुम्हाला एक प्रकल्प दाखवायचा आहे,” तेव्हा ‘प्रकल्प’ या शब्दाच्या पाठीमागे कर्जाचा अर्ज उभा आहे, हे माझ्या लगेच लक्षात आले. तरीही मी गेलो. धाकट्या बहिणीने त्याच फोनवर हळूच सांगितले होते, “दादा, बापलेकांमध्ये दोन महिने धड बोलणे नाही. तू ये.”

बहिणीच्या घरी तीन पिढ्यांचा भुसार व्यापार. दुकानाला लागून भांड्यांचेही एक दालन आहे, कारण भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचे जुने गाव. भाचा एकुलता एक. यंत्र अभियांत्रिकी शिकून सहा वर्षे पुण्यात नोकरी केली आणि गेल्या वर्षी राजीनामा देऊन घरी परतला. मुलगा परत आला म्हणून दुकानात पेढे वाटले गेले. पण तो गादीवर बसायला आलेला नव्हता. शहरापासून कोका अभयारण्याच्या दिशेने जाताना त्यांची वडिलोपार्जित शेती आहे. तिच्या पडीक भागावर त्याला ‘डर्ट बाईक’ चालवण्याचे मैदान आणि तंबूंतील मुक्कामाची सोय उभारायची होती.

आपल्यापैकी अनेकांना हा प्रकार ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. डर्ट बाईक ही मातीवर, चढउतारावर, उड्या मारत चालवण्याची दुचाकी. ती वजनाने हलकी आणि जमिनीपासून उंच असते. टायरला बोटाच्या पेरासारखे रबरी खुंट असतात आणि ते मातीत रुततात. शर्यतीच्या अस्सल गाडीला पुढचा दिवाही नसतो, नोंदणी क्रमांकही नसतो. तिला सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून मैदानापर्यंत ती दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी लागते. त्यामुळे या खेळाला राखीव जागा लागते. कर्नाटकात कोलारजवळ सी. एस. संतोष यांनी असे मैदान उभारले. जगातील अत्यंत खडतर मानली जाणारी डकार शर्यत 2015 साली पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. त्याच शर्यतीत 2021 साली ते गंभीर जखमी झाले. 2024 मध्ये केरळच्या हरिथ नोआने तेथे ‘रॅली 2’ हा गट जिंकला. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात माती पसरून सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या आणि आमचे चिरंजीव प्रेक्षकांत होते. “मामा, त्या दिवशी ठरवले,” असे तो म्हणाला. एका दिवसात ठरलेल्या गोष्टींची कर्जखाती पुढे किती वर्षे चालतात, हे मी पाहिलेले असल्याने गप्प राहिलो.

मेहुण्यांचा आक्षेप वेगळा होता. “पोराने गाडी उडवायची आणि लोकांनी त्याचे पैसे द्यायचे, हा कुठला व्यापार, दादा? शिवाय तंबूत येणारी मंडळी बाटली आणणार, शेकोटीवर कोंबडी भाजणार. आपल्या नावाच्या जमिनीवर?” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चहाचा कप त्यांनी न पिताच खाली ठेवला.

नागपूरहून भंडारा जेमतेम 60 किलोमीटर. मौदा मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. वैनगंगेचा पूल आला की मी नेहमी गाडी हळू करायला सांगतो. माझ्या तरुणपणी उन्हाळ्यात या पुलाखाली वाळूच जास्त दिसे. आता गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने पात्र भरलेले असते. 1988 साली पायाभरणी झालेल्या त्या धरणाने नदीचे रूप पालटले आणि काठच्या कित्येक गावांचे संसारही उचलून दुसरीकडे नेले. या जिल्ह्यात पाण्याशिवाय कोणत्याही गोष्टीचा हिशेब पुरा होत नाही.

हा जिल्हा माझ्या ओळखीचा आहे. 1986 ते 1989 मी साकोली तालुक्यातील एका ग्रामीण शाखेत होतो. बँकेच्या कामासाठी राजदूत मोटरसायकल होती. पंपाचे कर्ज, बैलजोडीचे कर्ज, त्यांची पाहणी आणि मग वसुली, सारे त्या गाडीवरून. भाचा ज्याला ‘ऑफ-रोडिंग’ म्हणतो, त्याला आम्ही ‘फिरती’ म्हणत असू. एकदा श्रावणात बांधीच्या धुऱ्यावरून जाताना मी गाडीसकट चिखलात गेलो. कर्जदारानेच मला ओढून काढले, अंगावर घालायला स्वतःचे धोतर दिले आणि त्या महिन्याचा हप्ता मात्र दिला नाही. भाच्याला ही गोष्ट सांगितली, तेव्हा बापलेक दोन महिन्यांत प्रथमच एकत्र हसले, असे बहीण नंतर म्हणाली.

शेत सुमारे अकरा एकर. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र 4.40 हेक्टर, त्यांपैकी पोटखराब 1.62 हेक्टर. व्यापारी घरातील वाचकांना सातबारा नवा नाही, पण त्यातील ‘पोटखराब’ या रकान्याकडे आपण फारसे पाहत नाही. लागवडीस निरुपयोगी म्हणून ज्या भागावर आकारणी होत नाही, तो हा भाग. इथे तो म्हणजे मुरमाड उतार. वर मोह आणि पळस, मध्ये खुरटे गवत, खाली धानाच्या बांध्या आणि त्यांच्याही पलीकडे तलाव. पळस ऐन भरात होता. बांध्यांतून लाखोळी काढून झाली होती. उताराच्या दुसऱ्या अंगाला, डांबरी रस्त्यालगत, रस्ता बांधताना मुरूम काढलेली जुनी खदान होती. पंधरा-वीस फूट खोल, अस्ताव्यस्त, कडेला बेशरमाची झुडपे. तिच्याकडे कोणी बोटही दाखवले नाही.

“हा मामा तलाव,” भाचा म्हणाला आणि माझ्याकडे पाहून हसला. माजी मालगुजारी तलाव या लांबलचक नावाचे सरकारी दप्तराने केलेले ते संक्षिप्त रूप. पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव आहेत. त्यांतील पुष्कळसे गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले. तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, असे परंपरा सांगते. म्हणजे पतपुरवठ्याशिवाय, केवळ हक्काच्या हमीवर, उभी राहिलेली ही सिंचनव्यवस्था. भंडारा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. तेथे 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि ज्याने गाळ काढायचा तो धनी राहिला नाही. पुढे 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. तलाव मात्र होते तिथेच राहिले, दर पावसाळ्यात थोडे थोडे उथळ होत.

दुपारी चारच्या सुमारास भाच्याने गाडी बाहेर काढली. अंगावर छातीचे कवच, गुडघ्यांना ढोपरबंद, पोटरीपर्यंत जाड बूट आणि डोक्यावर लांब चोचीचे हेल्मेट. त्याने किक मारली, तसे मोहावरचे पोपट एकदम उडाले. मी नापसंतीच्या तयारीनेच उभा होतो, पण खरे सांगायचे तर पाहत राहिलो. तो बसून गाडी चालवत नव्हता. पायखुंटांवर उभा राहून, गुडघे सैल ठेवून, नजर चाकापुढे पंचवीस पावलांवर ठेवून तो उतारावरून खाली आला, वळला, पुन्हा चढला. गाडी त्याच्याखाली उधळत होती आणि तो मात्र शांत होता. लहानपणी दुकानातल्या खुर्चीवर पाच मिनिटे स्थिर न बसणारा हा मुलगा. त्याच्या चेहऱ्यावर मी ही एकाग्रता पूर्वी कधी पाहिली नव्हती. मेहुणे माझ्याशेजारी उभे होते. “पडेल,” एवढेच ते म्हणाले, पण त्यांचीही नजर हटत नव्हती.

सूर्य सव्वासहाला मावळणार होता, म्हणून बहिणीने साडेपाचलाच पाने मांडली. पाणी घरूनच गाळून आणले होते. चिन्नोर तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचे वरण, बेसनाची वडी आणि ज्वारीची भाकरी. तंबूच्या दारात बसून जेवताना समोर तलावावर उन्हाची तांबूस पट्टी पसरली होती. कडेच्या पाणवनस्पतींत कमळपक्षी लांब बोटांनी पाने चाचपत चालला होता आणि अडई बदकांचा थवा शीळ घालत उतरत होता. भाच्याने येथेच आपली योजना सांगितली. मुक्कामाला येणाऱ्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी, शाकाहारी. मद्याला मनाई. “लोक येतील?” मी विचारले. “कमी येतील. पण कुटुंबे येतील. ज्यांना मुलाबाळांना घेऊन जंगलाजवळ राहायचे आहे आणि शेजारच्या तंबूतला गोंधळ नको आहे, त्यांना आज जागा कुठे आहे?” वडिलांच्या आक्षेपाचे उत्तर त्याने असे माझ्याकडे पाहून दिले. मेहुण्यांनी ताटातली भाकरी मोडता मोडता ऐकले. काही बोलले नाहीत.

मग कागद निघाले. राज्याचे 2020 चे कृषी पर्यटन धोरण, 2021 चे साहसी पर्यटन धोरण, नोंदणीच्या अटी, विमा, प्रशिक्षक, प्रथमोपचार. अहवाल नीट केला होता. माझ्या काळातले निम्मे अहवाल याच्यासमोर टाकाऊ ठरले असते. मैदानाच्या नकाशात मुरमाड उतारावर नऊ वळणे आणि चार उड्या आखल्या होत्या. जमिनीची किंमत या रकान्यापुढे त्याने लिहिले होते, ‘स्वतःची, पडीक, उपयोग नाही’. तारण म्हणून उरलेली धानशेती, आणि जामीनदार म्हणून माझे नाव पेन्सिलने. मी कागद परत घडी केले. “सकाळी बोलू,” म्हटले.

रात्री झोप लवकर लागली नाही. पंचमीचा चंद्र दहाच्या पुढे मोहाच्या फांद्यांत खाली गेला आणि काळोखात रातव्याचा एकसुरी आवाज येऊ लागला, लाकडावर कोणी अंतरा-अंतराने टकटक करावे तसा. कोक्याचे जंगल फार दूर नाही. 2013 साली अभयारण्य जाहीर झाल्यापासून तेथे खाजगी गाडीने हवे तसे फिरता येत नाही, ठरलेल्या वाटांनी, वाटाड्यासह जावे लागते. पण अभयारण्याची हद्द कागदावर असते. रानडुकराला आणि चितळाला ती ठाऊक नसते. तंबूच्या कापडापलीकडे पालापाचोळ्यातून कोणीतरी सावकाश चालत पाण्याकडे गेले. मी बॅटरी लावली नाही. आपण ज्याला आपली जमीन म्हणतो, तेथे रोज रात्री कोणाची तरी ये-जा चालते. आज आपण त्या वाटेवर तंबू लावला आहे, एवढेच.

पहाटे फिरायला निघालो, तेव्हा तलावाच्या पाळीवर एक वयस्क गृहस्थ बसलेले दिसले. ढिवर समाजाचे, तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेचे सभासद. आपल्या घरांत ज्या व्यवसायाचा उच्चारही होत नाही, त्या व्यवसायातील माणसाशेजारी मी बसलो आणि त्यांनी मला जे दाखवले, ते बँकेच्या एकाही प्रशिक्षणवर्गात मला कोणी दाखवले नव्हते.

“तुमचा भाचा चांगला हाय जी,” ते म्हणाले. “पन ते नाली पाहिली का?”

उतारावर, काल भाचा जिथून खाली आला त्या रेषेत, एक घळ होती. वर ती वीतभर खोल होती, मध्यावर गुडघाभर, आणि खाली तलावाच्या काठाशी तिच्या तोंडी पिवळसर गाळाचा पंखा पसरला होता. मागच्या उन्हाळ्यात भाच्याने सरावासाठी एकाच वाटेने महिनाभर गाडी चालवली होती. टायरच्या खुंटांनी गवताची मुळे आणि मुरमावरची बारीक साय फोडली. मग पाऊस आला. या भागात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. चाकाच्या चाकोरीला पाण्याने ओहोळ केले आणि ओहोळाची घळ झाली. त्या काठच्या उथळ पाण्यात ज्या वनस्पती उगवत, त्यांच्या मुळाशी मासे अंडी घालत आणि पक्षी चरत. गाळाने ती जागा झाकून टाकली होती.

“पानी येते ना जी याच उतारानं,” ते म्हणाले. “हा उतार नाही, त तलाव नाही.”

याच पट्ट्यात, अर्जुनी मोरगावच्या बाजूला, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर कुटुंबांनी मिळून कित्येक तलावांतील बेशरम काढली, उन्हाळ्यात तळ नांगरून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा देशी मासे आणि पक्षी परत आले, हे मी वाचले होते. पण एका तलावाचा काठ एका तरुणाच्या महिनाभराच्या सरावाने कसा बुजतो, हे प्रथमच पाहत होतो.

मी परत येऊन भाच्याला आणि मेहुण्यांना त्या घळीपाशी नेले. काही सांगितले नाही. भाचा अभियंता आहे. तो वरपासून खालपर्यंत चालत गेला, गाळाच्या पंख्यावर उभा राहिला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, “हे मी केले?” मेहुणे नेहमी हीच संधी शोधत असत. पण त्या दिवशी त्यांनी ती घेतली नाही. “आपल्याला कोणालाच कळले नाही,” ते म्हणाले. “मी तर चाळीस वर्षे या जमिनीला रिकामी म्हणत आलो.”

मग आम्ही तिघे सातबारा उघडून बसलो. पोटखराबाचे दोन वर्ग असतात. वर्ग अ, शेतकऱ्याच्या दृष्टीने लागवडीस अयोग्य. वर्ग ब, रस्ते, ओढे-नाले यांसारख्या सार्वजनिक उपयोगाखालील. उताराच्या कडेचा नाला वर्ग ब मध्ये होता, म्हणजे त्यावर केवळ आपला हक्क नव्हता. उरलेला उतार कागदाने निरुपयोगी ठरवला होता आणि तोच पिढ्यान्‌पिढ्या खालच्या पन्नास घरांच्या धानाला पाणी गोळा करून देत होता. त्याचे ना भाडे, ना पावती. बँकेत असताना अशा नोंदीपुढे मीही डोळे मिटून ‘शून्य’ लिहीत आलो. त्या सकाळी ते मला खटकले.

“मग प्रकल्प बंद?” भाच्याने विचारले. त्याच्या आवाजात हट्ट नव्हता, म्हणूनच मला ‘हो’ म्हणवेना. मी त्याला रस्त्याकडच्या मुरमाच्या खदानीत नेले. तेथील माती आधीच ओरबाडलेली, पाण्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणजे गाळ तिथल्या तिथे राहणार. तलावापासून दूर, मध्ये टेकाड असल्यामुळे आवाजही अडणार. चढउतार तर आयतेच. भाच्याने पावलांनी मोजून पाहिले. “नऊ वळणे बसणार नाहीत. पाच बसतील,” तो म्हणाला. “पाच वळणांचे गिऱ्हाईक कमी असेल,” मी म्हटले. “पण कर्जही कमी लागेल.”

जामिनाच्या जागी पेन्सिलने लिहिलेले नाव मी खोडले आणि खाली, सवयीप्रमाणे, शेरा लिहिला: ‘उतारावर चाक नको. घळीला दगडाचे बांध घालावेत, कडेला गवत लावावे. तंबू तलावाकडे, गाडी रस्त्याकडे. सूर्यास्तानंतर इंजिन बंद. एक पावसाळा पाहूनच खर्च करावा.’

तो पावसाळा आम्ही पाहिला. पर्युषण आटोपल्यावर मी पुन्हा गेलो, तेव्हा घळीतल्या दगडांमागे माती अडली होती आणि तिच्यात गवत उगवले होते. खदानीत मात्र छातीभर पाणी होते. म्हणजे दिवाळीपर्यंत मैदान बंद आणि वर्षातले जेमतेम सात महिने धंदा. अहवालातील उत्पन्नाचा आकडा आम्हाला पुन्हा खाली आणावा लागला. एवढ्या आकड्यावर शेती तारण ठेवणे परवडत नव्हते. मेहुण्यांनीच तोड काढली. दुकानातून बिनव्याजी रक्कम द्यायची, तीन वर्षांत परतफेड, आणि भाच्याने सकाळची वेळ गादीवर द्यायची. भाच्याने मान्य केले. तंबूंसाठी माझ्या मुदत ठेवीतील थोडी रक्कम मी दिली आणि मेहुण्यांनी ती आपल्या वहीत तारीखवार लिहून घेतली. जामीन न राहण्याचा माझा नियम शाबूत आहे.

निघताना पाळीवर तेच गृहस्थ भेटले. या वर्षी काठाला झाडोरा थोडा बरा आहे, म्हणाले. मग हळूच विचारले, “खदानीत गाडी चालवनार, त आमच्या नातवाले पन शिकवाल का जी?” भाच्याने हसून हो म्हटले. मागे उभ्या मेहुण्यांनी सांगितले, “हेल्मेट घालूनच.”